शनिवारवाड्याची हाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



शनिवारवाड्यात भूत आहे का, असे पुष्कळ जणी विचारतात. ज्या वाड्यात ते राहते म्हणतात, तो वाडाच मुळी १८२८ साली जळाला. फेब्रुवारीत लागलेली आग आठवडाभर धुमसत होती. उरले ते जोते, तट, बुरूज आणि दरवाजे. त्या ओसाड चौथऱ्यांवर रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक उठते म्हणे. कुणी अमावास्या सांगते, कुणी पौर्णिमा!

घटना घडली ती मात्र भर दुपारी, आणि गणेशोत्सवात. ३० ऑगस्ट १७७३ हा तो दिवस. अनंत चतुर्दशी उद्यावर आलेली. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. नारायणराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. जीव घेऊन ते चुलत्यांकडे, राघोबादादांकडे धावले, त्यांना बिलगले. तिथेच त्यांना कापून काढले. त्या दिवशी वाड्यात आणखीही माणसे मारली गेली. त्यांत दासीही होत्या. त्यांची हाक कुणाला ऐकू आल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.

आणि दोष कुणाच्या माथी? आनंदीबाईंच्या. ‘धरावे’ या शब्दातल्या ‘ध’चा त्यांनी ‘मा’ केला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तो कागद इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषी धरले ते राघोबादादांना, तेही त्यांच्या तोंडावर. तरी घरात कुणी कारस्थानी निघाली की आपणच तिला आनंदीबाई म्हणतो. आपण बायकाच म्हणतो, हे विशेष.

मला या कथेत आठवण होते ती गंगाबाईंची. नारायणरावांची ही पत्नी. पतीची हत्या झालेली, गादीवर राघोबादादा, आणि आपण गरोदर आहोत हे तिला कळलेले. मुलगा झाला तर तो पेशवाईचा वारस. म्हणजे पोटातल्या जिवालाच वैरी. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी जानेवारी १७७४ मध्ये तिला पुरंदर किल्ल्यावर नेले. सोबतीला पार्वतीबाई गेल्या. पानिपतावर हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. भाऊ गेले हे ज्यांच्या मनाने मानलेच नाही, त्या या पार्वतीबाई. त्या दोघींनी किल्ल्यावर ते महिने कसे काढले असतील? साऱ्या राज्याचे लक्ष एका बाळंतपणाकडे लागलेले! १८ एप्रिलला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेच सवाई माधवराव.

म्हणजे हत्येनंतर वाडा काही ओस पडला नाही. सवाई माधवराव तिथे वाढले, १७८३ साली त्यांचे लग्न थाटात झाले. तिथे पंगती उठल्या, गणपती बसले. १७९५ मध्ये वाड्यातूनच खाली पडून त्यांचा अंत झाला, हेही खरे. पण वाडा मराठ्यांच्या हातून गेला तो १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, त्यावर इंग्रजांचे निशाण चढले तेव्हा. तो ओस पाडला राज्य गेल्याने आणि आगीने, भुताने नव्हे.

यंदाची सहल शनिवारवाड्याला न्यावी अशी सूचना आली आहे. माझे म्हणणे, वाडा तर घरचाच आहे. सहल पुरंदरला न्यावी. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रत्येकीने ओळखपत्र बरोबर ठेवावे, आणि चढणीच्या मानाने डबे हलकेच घ्यावेत.