पोत्याबरोबर घरात येणारे विष



व्याख्यानमालेच्या चालकांनी घरातील विषांवर बोला म्हणून सांगितले, तेव्हा आम्ही म्हणालो, यासाठी एखादा डॉक्टर नाहीतर रसायनाचा प्राध्यापक बोलवा. आमची शाळा म्हणजे परभणीचा मोंढा, आणि बसायला पोत्यांची थप्पी. त्यावर ते म्हणाले, आम्हांला पोत्यांचेच ऐकायचे आहे. तेव्हा पोत्यापासूनच सुरुवात करतो.

विष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साप उभा राहतो, नाहीतर नाटकातला पेला. पण आजचे विष पोत्यातून, डब्यातून, खांद्यावरच्या पंच्यातून येते, आणि ते आणणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. १९५८ साली केरळात असे घडले, की जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात आणि साखरेत पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक मिसळले. औषधाचे डबे आणि खाण्याचा माल शेजारी शेजारी रचलेला. डबे गळले, पोत्यांनी ते पिऊन घेतले. ते अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, आपल्या देशात कीटकनाशकांचा कायदा झाला. म्हणजे कायद्याच्या जन्माला कारण झाला तो मालाच्या चढउताराचा प्रश्न. हमालाचा प्रश्न म्हणा ना! आणि आजही तालुक्याच्या गावाहून खेड्यात जाणाऱ्या टेम्पोत कापसावरच्या औषधाचे खोके, गव्हाचे कट्टे आणि त्यांवर बसलेली लेकुरवाळी बाई, असा सगळा संसार एकत्रच चाललेला आपण पाहतो.

आता त्या पंच्याचे सांगतो. हमालाच्या खांद्यावरचा पंचा ही त्याची गादी, त्याचा रुमाल आणि त्याची शिदोरीची फडकी. गळक्या खोक्याचा ओलावा त्यातच मुरतो, घाम त्यानेच पुसला जातो, आणि घरी आल्यावर लेकरू धावत येऊन त्याच पंच्यात तोंड खुपसते. ही औषधे पोटातूनच शिरतात असे नाही. आपली कातडी हाही त्यांना उघडा दरवाजा आहे. त्यांतली पुष्कळशी अशी आहेत, की शरीरात मज्जातंतूंना 'आता थांब' म्हणून सांगणारा जो पदार्थ असतो, त्यालाच ती बांधून टाकतात. मग तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती भरून येते आणि श्वास अडतो.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात हेच घडले. कापूस माणसाच्या डोक्याइतका वाढलेला, हवा दमट, दोनतीन औषधे एकत्र कालवून फवारणी चाललेली, आणि अंगात साधा सदरा. वीसावर शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळी पुष्कळ जण म्हणाले, मजुरांनी काळजी घेतली नाही. आम्हांला हे बोलणे पटत नाही. रोजाने फवारणीला गेलेल्या माणसाला हातमोजे कोण देणार? डब्यावरचा तांबडा त्रिकोण म्हणजे अतिजहाल विष, त्याच्या खाली पिवळा, मग निळा आणि हिरवा, ही खूण त्याला कोणी समजावून सांगितली होती?

परंतु मालकाकडे मागायचे ते मागत असतानाच, घरात आपल्या हातचे जे आहे ते आपण का सोडावे? फवारणीचे किंवा मोंढ्यातले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते वेगळे, साबण लावून धुवावेत आणि ते पाणी पिण्याच्या हौदाजवळ ओतू नये. धुणारी बहुधा घरातली बाई असते. तिच्या हातांचाही विचार व्हावा. मुलाला उचलून घेण्याआधी हातपाय धुवावेत.

रिकाम्या डब्याचा मोह तर फारच वाईट. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा डबा फेकून देणे गरिबाच्या जिवावर येते, हे आम्ही जाणतो. पण बिहारमध्ये गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले जेवण जेवून २३ मुले मेली, त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. असा डबा तीनदा खळाळून ते पाणी पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडावीत आणि विहिरीओढ्यापासून लांब पुरून टाकावा. भोक पाडलेल्या डब्यात कोणी तेल भरत नाही.

आता धान्य. आपल्या मराठवाड्यात पूर्वी पेव असे, वाड्यात बळद असे. पेव उघडले की कोणी एकदम आत उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहत. दिवा विझला तर आत हवा नाही, हे शहाणपण बापाने मुलाला दिलेले होते. आज पेवाच्या जागी पत्र्याची कोठी आली, आणि तिच्यात ठेवायला गोळ्या आल्या. या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा वायू सोडतात. तो किड्याला मारतो, तसाच माणसालाही मारतो; त्यावर उतारा नाही. कायद्याप्रमाणे ही गोळी सरकारी संस्था आणि परवानाधारक धुरी देणारे यांनीच जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायची. व्यवहारात ती कोठे पोचते, हे या सभेत सांगायची गरज नाही. ज्या खोलीत माणसे निजतात, त्या खोलीत, किंवा तिला लागून असलेल्या खोलीत, ती कधीही ठेवू नये. कंदील सोडून हिचा सुगावा लागत नाही. धान्य कडक उन्हात वाळवणे, कोठी कोरडी ठेवणे, डाळीला एरंडेलाचा हात लावणे, लिंबाचा पाला घालणे, हे आपल्या आज्यांचे उपाय चार किडे शिल्लक ठेवतील. किडे निवडता येतात.

उरलेले थोडक्यात सांगतो. भाजी पाण्यात चोळून धुतली तर वरवरचे औषध बरेच जाते. पण जे झाडाच्या रसात भिनलेले असते, ते धुण्याने जात नाही. तेव्हा फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी केली, हे शेतकऱ्यालाच विचारावे. भुईमुगाचे काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकावेत. त्यांवरच्या बुरशीचे विष भाजून किंवा शिजवून जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसे मेली, ती याच विषाने. आणि बायकांनी मिश्री सोडावी. जळालेली तंबाखूच ती. दात स्वच्छ करायला राख बरी, असे म्हणावेसे वाटते.

बुरशीची गोष्ट निघाली म्हणून एक कडू बोल. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली, बुरसलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखीची व जुलाबाची साथ आली होती. आपल्याकडेही काढणीच्या वेळी पाऊस लागला की ज्वारी काळी पडते. चांगली ज्वारी बाजारात जाते, आणि काळी? ती मजुरीत घातली जाते. 'निवडून खा' हा उपदेश तिथे कोणाला करायचा?

गेल्या काही दिवसांपासून आमच्या संघटनेची मागणी आहे, की औषधाचा माल आणि धान्य एका गोदामात ठेवू नये, आणि कामाच्या जागी एक नळ, साबण आणि कपडे बदलायला आडोसा असावा. एका आडत्याने आम्हांला विचारले, नळ कशाला हवा, हमाल घरी जाऊन आंघोळ करतातच की. आम्ही त्यांना सांगितले, की हमालाच्या घरी मोरी एकच असते, आणि भांडी तिथेच घासतात. त्यांनी वही मिटली. पुढच्या बैठकीत हाच विषय पुन्हा काढायचा आहे.