झाड उतरवणारा माणूस

झाड तोडायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रानातले दृश्य येते. दोघांनी बुंध्यावर आळीपाळीने घाव घालायचे आणि झाड कडाडले की बाजूला पळायचे. रानात झाडाला पडायला जागा असते. पुण्याच्या बुधवार पेठेत ती नसते. जोगेश्वरीच्या किंवा तुळशीबागेच्या आसपासच्या बोळांतून तुम्ही कधी गेला असाल, तर समोरासमोरच्या गॅलऱ्यांत किती थोडे अंतर असते हे तुम्ही पाहिलेच असेल. तिथे एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात चाळीस फुटांचा नारळ असतो, नाही तर मागल्या भिंतीतून पिंपळ वर आलेला असतो. हे झाड पाडता येत नाही, उतरवावे लागते. म्हणजे शेंड्याकडून, तुकड्यातुकड्याने, दोराला बांधून खाली सोडावे लागते.

आता हे काम करणारा माणूस वर काय करतो, ते पाहा. एक फूट जाडीची आणि दहा फूट लांबीची ओली फांदी घेतली, तर तिचे वजन दीडदोनशे किलो भरते. ती दोरावर पडण्यापूर्वी चारपाच फूट जरी मोकळी खाली आली, तरी दोराला बसणारा हिसका तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून खालचा दोरकरी हुशार असावा लागतो. बुंध्याला वेढे देऊन तो दोर हळूहळू सोडतो. त्याची एक चूक वरच्याच्या जिवावर येते.

नारळाचे काम तर याहून अवघड. वडा-चिंचेला बेचकी असते, पाय टेकता येतो, एका फांदीला स्वतःला बांधून दुसरी कापता येते. नारळाला फांदीच नाही. ज्या खोडाला माणूस बांधलेला असतो, तेच खोड तो कापत असतो! शेंडा सुटला की खोड उलट्या दिशेला झोके खाते, आणि हा त्याला बिलगलेला. त्यातून सोंड्या भुंग्याने खोड आतून पोखरलेले असले, तर बाहेरून ते चटकन कळतही नाही.

शहरातल्या झाडाच्या पोटात आणखी एक वैरी दडलेला असतो: खिळा. पाट्या, रोषणाईच्या माळा, कापडी फलक यांसाठी ठोकलेले खिळे वर्षांनुवर्षे सालीआड जातात. पेट्रोलवर चालणारी करवत त्यावर आदळली, तर साखळी तुटू शकते. करवतीच्या पात्याचे टोक कशाला अडले, तर ती उसळून थेट चेहऱ्याकडे येते. विजेच्या तारा असतातच. ओली फांदी तारेला टेकली, तर वीज झाडातून माणसापर्यंत पोचते. म्हणून आधी वीज बंद करून घ्यावी आणि मगच चढावे. पण काम बहुधा उक्ते दिलेले असते, आणि अर्ध्या दिवसात उरकण्याची घाई सगळ्यांनाच असते.

मला राग येतो तो काम देणाऱ्याचा. दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून झाडाचा शेंडाच उडवा, असे तो सांगतो. अशा बोडक्या खुंटातून पुढे जी फूट येते, ती जोमदार दिसते, पण तिचा सांधा कच्चा असतो. काही वर्षांनी तीच वाऱ्यात मोडते. अमेरिकेतील अॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो खोडे उभी चिरून दाखवले, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालते. म्हणून फांदी जिथे खोडाला मिळते, तिथला फुगीर कंगोरा शाबूत ठेवून कापावे. जड फांदी असेल तर आधी खालून थोडी चीर द्यावी, मग जरा पुढे वरून कापावे आणि उरलेला खुंट शेवटी काढावा, म्हणजे साल सोलली जात नाही. वर डांबर फासण्याने काही साधत नाही.

झाड राखण्याचा कायदा आहे, आणि तो हवाच. शहरांसाठी १९७५ चा अधिनियम आहे. त्याप्रमाणे आधी परवानगी लागते. गावाकडे आंबा, चिंच, साग अशा झाडांना १९६४ चा कायदा लागू आहे. पण अर्ज आला म्हणजे झाड वर चढून कुणी तपासले पाहिजे. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा जीव गेला. त्या झाडाविषयी तक्रार आधीच झालेली होती.

शिक्षकबंधूंनो, शाळेच्या आवारातला गुलमोहोर पावसाळ्यापूर्वी एकदा नीट पाहा. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, मुळाजवळची माती एका बाजूला उचलली आहे का, ढोलीत काठी किती आत जाते. शंका आली तर जाणत्याला बोलवा, आणि मजुरी ठरवतानाच त्याच्याकडे कंबरपट्टा, शिरस्त्राण आणि दुसरा सुटा दोर आहे का, ते विचारा. नसेल तर दोन पैसे जास्त मोजून दुसरा माणूस पाहा. काम चालू असताना मुलांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. सुटीचा दिवस निवडलात तर फारच चांगले.