रायफलची रेंज निवडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. परंतु आमची धाकटी रायफलचा नेम शिकते हे आपल्या आळीत सर्वांना ठाऊक झाले आहे, आणि "आमच्या मुलीलाही घालायचे आहे, कुठे घालू?" असे चार-पाच जणींनी मला विचारले. प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांसमोर सांगावे, असे कार्यवाहबाईंनी सुचविले, म्हणून उभी आहे. यात माझी स्वतःची चूकही सांगावी लागेल. ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून व्हावयाची नाही.

आमच्या घरी हे वेड शिरले ते १ ऑगस्ट २०२४ रोजी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने त्या दिवशी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. धाकटी तेव्हा बारा वर्षांची. तिने विचारले, "आई, मुली पण करतात का गं हे?" कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्यूनिकला जागतिक विजेतेपद मिळविले होते, हे तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला सांगितले. झाले! रोज एकच धोशा.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला बंदूक कशाला?" मलाही कायद्याची भीती होती. चौकशी केली तेव्हा कळले की मुले सुरुवातीला शिकतात ती एअर रायफल. तिच्यात दारू नसते, दाबलेल्या हवेच्या जोराने शिशाचा बारीक छर्रा सुटतो. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि जोर २० ज्यूलपर्यंतचा असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखीचा व पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो. काडतुसाच्या पॉइंट टू टू रायफलीला परवाना लागतो, पण ती पुढची गोष्ट. नेम दहा मीटरवरून धरावयाचा, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे सुईच्या टोकाएवढाच म्हणा ना!

आता निवडीकडे वळते. आम्हाला दोन रेंज सोयीच्या दिसल्या. एक घरापासून पायी दहा मिनिटांवर, फी महिना १२०० रुपये. दुसरी दोन बस बदलून जावयाची, फी २८००. तुम्ही काय केले असते? मीही तेच केले. जवळची आणि स्वस्त ती घेतली, आणि सवलत मिळते म्हणून तीन महिन्यांची फी आगाऊ भरली.

पहिल्या महिन्याचा हिशेब वहीत मांडला तेव्हा डोळे उघडले. आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे महिन्याचे बारा. रायफलीचे भाडे दिवसाला ४०, त्याचे ४८०. रोजचे साठ छर्रे, म्हणजे दीड डबा, त्याचे १०५०. निशाणाची कार्डे रोज बारा, तीन रुपयांना एक, त्याचे ४३२. फीसुद्धा एकूण ३१६२ रुपये! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. दूरच्या रेंजवर रायफल, छर्रे व कार्डे फीतच धरलेली होती. तिथे दोघींचे बसभाडे दिवसाला ८० धरले तरी महिन्याचे ९६० होतात, म्हणजे सर्व मिळून ३७६०. तेव्हा खरा फरक १६०० चा नव्हता, ५९८ चा होता. म्हणून पहिले सांगणे हे की, "फी किती?" एवढेच विचारू नका. "महिनाअखेर माझ्या हातून एकूण किती जातील?" असे विचारा.

पण पैशाची चूक ही लहान चूक. मोठी पुढे आहे.

चौथ्या आठवड्यात मी बाकावर मटार सोलीत बसले होते. शिकविणारे गृहस्थ मोबाइलवर बोलत बाहेर गेले होते. एक मुलगा आपले कार्ड बदलण्यास पुढे निशाणापाशी गेला. कोणी कोणाला थांबविले नाही. शेजारच्या मुलाच्या रायफलीत छर्रा भरलेला होता. त्याने ती उचलली आणि ती सुटली. छर्रा त्या पोराच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भिंतीत बसला. माझ्या मांडीवरचे ताट खाली पडले. गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "अहो ताई, हवेची बंदूक आहे, काही होत नाही."

मैत्रिणींनो, हवेच्या छर्ऱ्याने डोळा जातो. त्या दिवशी गेला नाही, तो केवळ त्या पोराच्या आईचे नशीब म्हणून.

घरी आमचे हे म्हणाले, "बस झाले, बंद करा." धाकटी रात्रभर रडली. तिला नुकतेच नऊ-नऊ गुण पडू लागले होते. मला दोघांचेही पटत होते. शेवटी मी ह्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागितली आणि दूरची रेंज पाहावयास एकटी गेले.

तिथे भिंतीवर नियमांचा फलक होता, पण इंग्रजीत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी सरळ म्हटले, "सर, मला हे मराठीत सांगा." ते चिडले नाहीत. एकेक नियम त्यांनी हाताने दाखवून सांगितला. रायफलीचे तोंड सदैव निशाणाकडे. हुकूम झाल्याशिवाय छर्रा भरावयाचा नाही. "स्टॉप" म्हटले की लहानमोठ्या सर्वांनी थांबावयाचे. ठेवलेल्या रायफलीच्या नळीत नारिंगी खूण घातलेली पाहिजे, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. कार्ड तारेवरून यंत्राने मागे येई, त्यामुळे पुढे जाण्याचे कारणच नव्हते. हवेच्या नळकांड्यावरची तारीखही त्यांनी दाखविली. दहा वर्षांपलीकडचे नळकांडे वापरीत नाहीत. बाहेर हात धुण्याला साबण होता. छर्रा शिशाचा, आणि शिसे पोटात जाणे वाईट, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडावयाचा नाही, हाही नियमच. मुलींसाठी स्वच्छ संडास होता, तेही मी पाहून घेतले. लाजू नका, पाहत जा.

मी बसले असताना एक बडे पालक आले. मुलाच्या हातची रायफल घेऊन, आमच्या बाकाकडे तोंड करून त्यांना फोटो काढावयाचा होता. सरांनी नम्रपणे, पण ठाम नाही म्हटले. ते गृहस्थ रागावून गेले. मी मात्र तिथल्या तिथे नाव घातले. फलक कोणीही लावील. मोठ्या माणसाला तोच नियम लावणारा विरळा.

पहिले आठ दिवस धाकटीला छर्राच दिला नाही. नुसते उभे राहणे, श्वास धरणे, रिकामा चाप ओढणे. ती कंटाळली. पुढे एकदा मैत्रिणीने हाक मारली म्हणून ती हातात रायफल घेऊन वळली. सरांनी रायफल काढून घेतली आणि तिला दिवसभर बाकावर बसविले. त्या दिवसाचे बसचे ८० रुपये फुकट गेले. धाकटी मुसमुसत होती. मला आईच्या काळजाने वाईट वाटले, पण मनात म्हटले, हिला इथेच ठेवायची.

जवळच्या रेंजवर आगाऊ भरलेल्या फीपैकी राहिलेली दोन महिन्यांची रक्कम परत मिळाली नाही. म्हणून महिन्या-महिन्यानेच पैसे भरा, आणि त्यापूर्वी दोन दिवस नुसते बसून पाहा.

सोय मात्र कमी लेखू नका. दोन बस बदलून बारा दिवस जाणे ही गंमत नव्हे. संध्याकाळचा स्वयंपाक मागे पडतो. आता खालच्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगीही येते. एक दिवस त्या दोघींना घेऊन जातात, एक दिवस मी. एकीच्या फेऱ्या निम्म्या झाल्या आणि एक भाडेही वाचले. आणखी दोघी-तिघी जणी आल्या तर प्रत्येकीची पाळी आठवड्याला एकदाही येणार नाही. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी फराळानंतर मला भेटावे.

तेव्हा माझा क्रम असा: आधी नियम, मग सोय, मग फी. सोय आपण चौघी मिळून करू शकतो. फी चार ठिकाणी काटकसर करून भरता येते. नियम मात्र आपल्याला घरून डब्यात घालून देता येत नाही, तो तिथेच असावा लागतो.

धाकटीने अजून बक्षीस आणलेले नाही. पण परवा दिवाळीच्या खेळण्यातल्या पिस्तुलाचे तोंड धाकट्या चुलतभावाने आजीकडे केले, तेव्हा तिने ते हाताने खाली वळविले आणि म्हणाली, "माणसाकडे नाही धरायचं." सासूबाई त्या दिवसापासून तिला जाताना दही-साखर देतात.