आपल्या लेकी आणि रणभूमी
(येडशी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून बक्षिसांची यादी वाचून दाखविणे एवढेच काम आमच्याकडे असते. या वर्षी कार्यकारी मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. आमची हयात खडू-फळ्याजवळ गेली असली तरी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा युद्धशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणीत नाही. स्त्रियांनी सैन्यात प्रत्यक्ष लढाईच्या जागी उभे राहावे काय, हा प्रश्न दिल्लीचा वा पुण्याचा वाटतो. तो आपल्या येडशीच्या अंगणात कसा येऊन पोहोचला, तेवढेच सांगण्याचा विचार आहे.

सैन्यातील स्त्री-अधिकाऱ्यांना पुरुषांप्रमाणे कायम नेमणूक मिळावी की नाही, याविषयीचा दावा सर्वोच्च न्यायालयात चालला आणि 17 फेब्रुवारी 2020 रोजी त्याचा निकाल लागला. वाद लढाऊ तुकड्यांचा नव्हता. परंतु सरकारतर्फे जे लेखी म्हणणे सादर झाले त्यात एक मुद्दा असा होता की, सामान्य जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, तेथील रूढी त्यांच्या अंगी मुरलेल्या असतात, म्हणून स्त्रीची आज्ञा मानण्यास त्यांची मने अद्यापि तयार झालेली नाहीत. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी तो मुद्दा मान्य केला नाही. तथापि वर्तमानपत्रात ते वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. हा ग्रामीण जवान कोण? तो आमचाच विद्यार्थी. तुमच्या घरी वाढलेला. देशाच्या श्रेष्ठ न्यायासनापुढे मुलींस अडविण्यासाठी जो दाखला दिला गेला, तो आपल्या घराच्या वळणाचा होता.

आता स्त्री लढू शकते काय, या वादात आम्ही फार वेळ घालविणार नाही. राजाराम महाराजांच्या पश्चात, 1700 पासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, मोगलांशी युद्ध कोणी चालविले आणि 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ कोण लढता लढता पडले, हे येथील प्रत्येक मुलास पाठ आहे. 1943 मध्ये सिंगापूर येथे नेताजींनी राणी झाशीच्या नावाचे पथक उभारले आणि डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन यांनी त्याचे नेतृत्व केले. त्याच महायुद्धात रशियन स्त्रियांची एक संपूर्ण वैमानिक पलटण लाकूड-कापडाच्या विमानांतून रात्री जर्मनांवर बाँब टाकीत होती. एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात हाती शस्त्र घेतले. आमच्या पाठ्यपुस्तकात आम्हांस त्यांचे नाव कधी आढळले नाही, ही गोष्ट वेगळी.

उदाहरणे आम्हांस ठाऊक होती, तरीही आमच्या हातून एक चूक घडली. ती या सभेत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गास 'मी कोण होणार' हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले की, ती सैनिक होऊन सीमेवर लढणार. आम्ही तांबड्या शाईने 'सैनिक' हा शब्द खोडला, वर 'परिचारिका' असे लिहिले आणि समासात शेरा दिला: 'कल्पना चांगली, परंतु वास्तवास धरून असावी.' परिचारिकेचे काम हलके आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही; परंतु मुलीने ते मागितले नव्हते. वास्तव काय होते? 1992 पासून सैन्याने वैद्यकीय शाखेबाहेरही स्त्री-अधिकाऱ्यांस प्रवेश दिला होता. विद्यार्थिनीचे स्वप्न अवास्तव नव्हते, गुरुजींचे ज्ञान अपुरे होते!

गेल्या श्रावणात रामलिंगाच्या यात्रेत ती बाई भेटली. पाया पडली, आणि हसून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या तांबड्या शाईची वही मी अजून जपून ठेवलीय." तिच्यासोबत नववीत शिकणारी मुलगी होती. या मुलीला खडकवासल्यास जावयाचे आहे, असे तिने सांगितले. त्यावर आम्ही काय बोललो ते आता आठवत नाही. काही बोललो नसू.

रामलिंगाच्या त्या दरीत जटायूने सीतामाईसाठी रावणाशी झुंज दिली अशी परंपरा आहे, आणि त्याची समाधीही तेथे दाखवितात. ही कथा आम्ही शेकडो मुलांस सांगितली. सीतेच्या हाती धनुष्य असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या दिवशी घाट चढताना आमच्या मनात प्रथमच आला. तासाभराच्या वाटेवर तुळजापूर आहे. अष्टभुजा भवानीच्या हातांतील शस्त्रांपुढे आपण माथा टेकवितो, आणि घरी येऊन लेकीस सांगतो की हे तुझे काम नव्हे.

विरोधी पक्षाची बाजू मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पहिला आक्षेप शरीरबळाचा. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणे, जखमी सोबत्यास खांद्यावर टाकून आणणे, ही कामे बहुसंख्य मुलींस जड जातील हे खरे आहे. बहुसंख्य मुलांसही जातात. आमच्या मते उपाय एकच, कसोटी सर्वांस सारखी असावी. अमेरिकेच्या सैन्यात रेंजर नावाचे अत्यंत कठीण शिक्षण आहे. 2015 मध्ये प्रथमच 19 स्त्रियांनी ते सुरू केले. ऑगस्टमध्ये दोघी उत्तीर्ण झाल्या आणि ऑक्टोबरात तिसरी. सोळा जणी मागे पडल्या म्हणून कोणी त्या तिघींचे यश नाकारले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या देशाने पायदळासह सर्व लढाऊ जागा स्त्रियांस खुल्या करण्याचे जाहीर केले. लष्करी पोलिसांसारख्या कामाच्या भरतीत मुलींस धावण्याच्या वेळेत काही सवलत असली तर आमची हरकत नाही. परंतु पायदळात शत्रूची गोळी सवलत देत नाही, तेथे परीक्षेनेही देऊ नये. जी उत्तीर्ण होईल तिला घ्यावे, न होईल तिला घेऊ नये. यात आपल्या काही सुधारक मित्रांचे व आमचे पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आयांच्या तोंडून येतो: मुलगी शत्रूच्या हाती सापडली तर? या प्रश्नापुढे आम्हीही थबकतो. आमच्या मातोश्री 1948 सालच्या गोष्टी सांगत. तेव्हा येडशी निजामाच्या राज्यात आणि शेजारचा बार्शीचा मुलूख हिंदी सरकारच्या अमलाखाली. रझाकारांची धास्ती वाढली तशी कित्येक घरांनी वयात आलेल्या मुली रात्रीच्या गाड्यांतून बार्शीकडच्या नातलगांकडे पोहोचविल्या. आमच्या मातोश्री त्यांपैकी एक. बैलांच्या गळ्यातील घुंगरे काढून ठेवली होती, एवढे त्यांना शेवटपर्यंत आठवे. 13 सप्टेंबरला फौजेने नळदुर्ग घेतला, 17 सप्टेंबरला निजाम शरण आला, तेव्हा त्या परतल्या. त्या मुली कोणत्याही सैन्यात नव्हत्या. युद्ध त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलेच होते, आणि त्यांच्या हाती काठीही नव्हती. याने आयांची भीती नाहीशी होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुलीस घरात ठेवले म्हणजे ती सुरक्षित झाली, हे गृहीत या गावाने तरी धरू नये.

आता व्यवहाराकडे वळू. 2021 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींस खुली झाली. 2022 मध्ये 19 मुली खडकवासल्यास दाखल झाल्या, आणि 30 मे 2025 रोजी त्यांच्यापैकी 17 जणी तीनशेहून अधिक मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. लढाऊ विमाने 2016 पासून आणि तोफखाना 2023 पासून स्त्रियांच्या हाती आला आहे. पायदळ व रणगाडा दळ यांचे दार मात्र त्या सतरा जणी बाहेर पडल्या तेव्हाही बंदच होते. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 ची, देशातील पहिली; तेथे व इतर सैनिक शाळांत 2021 च्या सुमारास मुलींस प्रवेश मिळू लागला. मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण देणारी शासकीय संस्था छत्रपती संभाजीनगरात 1977 पासून आहे. तशीच मुलींसाठी 2023 मध्ये नाशिक येथे सुरू झाली. पुण्याजवळ कासार आंबोलीस मुलींची सैनिकी शाळा त्याच्याही कितीतरी आधीपासून, 1997 पासून चालू आहे. आपल्या ज्ञातीतील किती पालकांस ही माहिती आहे? आम्ही गेल्या महिन्यात बारा घरी विचारले. एका घरी होती.

आणि एक अट लक्षात घ्या. प्रबोधिनीत जाणारा उमेदवार अविवाहित लागतो, आणि वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. हेच वय आपल्याकडे लेकीसाठी स्थळे पाहण्याचे! दार न्यायालयाने उघडले; ते पुन्हा लावून घेण्यास सरकारची गरज नाही, एक साखरपुडा पुरे होतो. या सभेत अशी दोन घरे बसलेली आहेत, आम्ही नावे घेणार नाही. त्यांनी आम्हांवर रागावू नये. रागावायचेच असेल तर भाषण संपल्यावर घरी यावे, चहा घेऊ.

आपल्या मंडळाकडे आमची मागणी लहान आहे. मेळाव्यात मुलांसाठी सोळाशे मीटर धावण्याची शर्यत असते, कारण सैन्यभरतीत तेवढे धावावे लागते. मुलींसाठी रांगोळी आणि पाककला. रांगोळीचे परीक्षण गेली अकरा वर्षे आम्हीच करीत आलो, म्हणून या विभागणीचा दोष आमच्याकडेही येतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांस मंडळ बुटांसाठी व प्रवासखर्चासाठी साहाय्य देते. त्या ठरावात 'मुलांस' असा शब्द आहे, तेथे 'मुलामुलींस' असा करावा. एवढ्याने खर्च फार वाढणार नाही, कोषाध्यक्षांनी आमच्याकडे असे पाहू नये. आणि पुढील वर्षी मुलींची शर्यत ठेवावी: गावाच्या फाट्यापासून तीच वाट, तेच सोळाशे मीटर, मुलांची वेळ नोंदवितात त्याच वहीत नोंद. घड्याळ धरण्यास आम्ही येऊ. रांगोळीसाठी मंडळाने दुसरा परीक्षक पाहावा.