ब्राउझरची बांधिलकी आणि लघुउद्योगांवरील भार

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे हरियाणातील वाहनउद्योगाचे प्रमुख केंद्र. मारुती सुझुकीचा येथील कारखाना २००६-०७ मध्ये सुरू झाला आणि सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची संख्या वाढली. नेमक्या त्याच सुमारास उद्योगांचे शासकीय व्यवहार संगणकावर येऊ लागले. ‘एमसीए-२१’ प्रकल्पांतर्गत सप्टेंबर २००६ पासून कंपन्यांना आपली विवरणपत्रे डिजिटल स्वाक्षरीसह इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सादर करणे बंधनकारक झाले.

अडचण या स्वाक्षरीपाशीच उद्भवते. स्वाक्षरीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव ब्राउझरला तिच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. त्यासाठी अॅक्टिव्हएक्स किंवा जावा अॅपलेट यांसारखी जोड लागे. पैकी अॅक्टिव्हएक्स केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. दशकाच्या प्रारंभी नव्वद टक्क्यांहून अधिक वापर याच ब्राउझरचा होता. तेव्हा एकाच ब्राउझरसाठी आज्ञावली लिहिणे त्या वेळी गैर वाटले नाही. पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स व २००८ मध्ये क्रोम आले. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये अॅपलेटना आधार देणारी जुनी व्यवस्था काढून टाकली. आज्ञावली तीच राहिली. तिच्याखालचा पाया मात्र सरकला.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. निर्णय प्रणाली तयार करणाऱ्याचा, खर्च वापरणाऱ्याचा. मोठ्या कंपनीकडे संगणक विभाग असतो. वीस कामगारांच्या कारखान्यातील लेखापालाने मात्र काय करावे? केवळ विवरणपत्रांसाठी एक जुना संगणक राखून ठेवणे, त्यावरील सुरक्षा-सुधारणा थांबविणे, हाच त्याच्यापुढील सोपा मार्ग. मुदत चुकल्यास विलंबशुल्क त्यालाच भरावे लागते. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळाने (२०१७) स्वाक्षरीसाठी संगणकावर स्वतंत्र आज्ञावली बसविण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे विशिष्ट ब्राउझरची बांधिलकी सुटली, तरी ती आज्ञावली बसविण्याचा व अद्ययावत ठेवण्याचा व्याप उरलाच.

दक्षिण कोरियाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १९९९ पासून ऑनलाइन व्यवहारांसाठी प्रमाणपत्राची पद्धत रुजली व ती अॅक्टिव्हएक्सवर विसंबून राहिली. परदेशी ग्राहकांना कोरियन संकेतस्थळांवर खरेदी करता येईना, तेव्हा २०१४ मध्ये सक्ती शिथिल झाली. अधिकृत प्रमाणपत्राचे विशेष स्थान संपुष्टात यायला डिसेंबर २०२० उजाडले!

भारताने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. धोरण योग्यच होते, परंतु तोवर अनेक प्रणाली उभ्या राहिल्या होत्या. मानकांची अट निविदेतच घातली तर तिचा खर्च अल्प असतो. नंतर पुनर्लेखन करावे लागल्यास तो कित्येक पटींनी वाढतो. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार काढून घेतला, मात्र जुन्या व्यावसायिक आज्ञावलींसाठी एज ब्राउझरमध्ये त्याची नक्कल किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले.