बियांपासून सायक्लॅमेन

नांव ‘पर्सिकम’, परंतु इराणांत हें फूल रानटी स्थितींत आढळत नाहीं. तें मूळचें तुर्कस्तान, सीरिया, लेबानन व पॅलेस्टाइन येथील खडकाळ टेकड्यांवरचें. हिवाळी पावसाबरोबर फुलावें आणि उन्हाळ्यांत पानें टाकून कंदाच्या आधारें निजून राहावें, असा त्याचा क्रम. युरोपांत नाताळच्या सुमारास खिडक्यांतून दिसणाऱ्या कुंड्या याच वंशांतल्या.

निशिगंधाच्या कंदाला जशीं पिलें फुटतात, तशीं याला फुटत नाहींत. कंद एकच राहून वर्षानुवर्षें रुंदावतो; कापला तर बहुधा कुजतो. तेव्हां घरीं रोपें वाढवावयाचीं तर बींच पेरलें पाहिजे. तें सोडून लोक रानाकडे वळले म्हणजे काय होतें, हें तुर्कस्तानच्या डोंगरांनीं भोगलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत या कुळांतील इतर जातींचे कंद तेथें खणून युरोपच्या बाजारांत विकले जात. आज रानटी कंदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटीज कराराचें नियंत्रण आहे.

बीं ताजें असावें; वाळलेलें असल्यास १२ ते २४ तास पाण्यांत भिजवावें. कुजलेल्या पानांचें खत व जाड वाळू यांच्या मिश्रणांत तें पाव इंच खोल पेरून कुंडी पूर्ण अंधारांत ठेवावी, कारण उजेडानें उगवण अडते. उष्णता १५ ते १८ अंश सेंटिग्रेड हवी. विसाच्या फार पुढें गेल्यास बीं रुजण्याचें नांव घेत नाहीं. मुंबईच्या हवेंत हा नाद न केलेला बरा.

चार ते सहा आठवडे वर कांहींच दिसत नाहीं. खालीं मात्र आधीं इवलासा कंद तयार होत असतो, पान मागाहून येतें. कंटाळून कुंडी उपडी करणाऱ्यास मातींत मोहरीएवढे गोल कंद सांपडतात आणि मग हळहळ वाटते. झाड द्विदल वर्गांतलें, तरी पहिलें पान एकटेंच निघतें. तें दिसतांच कुंडी उजेडांत, पण उन्हापासून दूर आणावी.

दोन-तीन पानांवर रोपें निरनिराळीं लावावींत. कंदाचा माथा मातीबाहेर राहावा आणि पाणी कुंडीच्या कडेनें द्यावें. माथ्यावर पाणी साचलें कीं कंद सडलाच. पहिल्या उन्हाळ्यांत रोपांना सुकूं देऊं नये. फूल येण्यास पेरणीपासून पंधरा ते अठरा महिने लागतात.

पुढील पेरणीसाठीं बोंडें राखावयाचीं असल्यास तीं फुटण्यापूर्वींच पातळ कापडांत बांधावींत, कारण बियांवरील गोडसर लेपासाठीं मुंग्या त्या उचलून नेतात.