दमा, दवाखाना आणि कामगार



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी परंपरा आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण बेकऱ्यांच्या भट्ट्यांपाशी आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा दम्यावर आम्ही बोलणार हे वाचून कोणाला हसू आले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु माणसे आमच्याकडे पगाराचे भांडण घेऊन येतात आणि जिना चढून आल्यावर पाच मिनिटे त्यांना बोलता येत नाही. म्हणून हा विषय घेतला.

पहिली गोष्ट ही की, येथे ज्ञान अपुरे नाही. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने ‘जिना’ हा उपक्रम सुरू झाला आणि दम्यावरील उपचारांचे नियम लिहिले जाऊ लागले. त्यांचे सार साधे आहे. दमा म्हणजे श्वासनलिकांची मुरलेली सूज. नेहमीचा निळा पंप आवळलेल्या नळ्या घटकाभर मोकळ्या करतो, सूज उतरवीत नाही. सूज उतरते ती श्वासाबरोबर ओढावयाच्या स्टिरॉइडने. २०१९ पासून तर या नियमांनी स्पष्टच सांगितले की, प्रौढ दमेकऱ्याला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. आपल्याकडे मात्र ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत अजून घरोघरी आहे.

मग अडते कोठे? आमच्या एका सोबत्याची हकीकत सांगतो. हा बेकरीत मैदा चाळीत असे. दहा वर्षे एकाच दवाखान्यात जाई. तेथे इंजेक्शन मिळे, गोळ्या मिळत, दोन दिवस बरे वाटे. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, परंतु त्याच्या दाराशी साठ रोगी बसलेले. पुढे पंप लिहून दिला गेला, पण तो ओढावा कसा हे कोणी दाखविले नाही. औषध जिभेवर पडे, छातीत जात नसे. शिवाय मालकाला कळले तर काम जाईल, या भीतीने तो पंप घरीच ठेवी. एका पावसाळ्यात पहाटे त्याला रिक्षात घालून नेले, तो परत आला नाही. वय एकेचाळीस. त्याच वर्षी आम्ही त्या बेकरीत पगारवाढ मिळविली होती आणि गळ्यात हार घालून घेतले होते. मैद्याच्या धुळीविषयी आमच्या मागणीपत्रात एक ओळ नव्हती. हा दोष डॉक्टरच्या आधी आम्ही आमच्या पदरात घेतो.

आता दुसरे उदाहरण पाहा. फिनलंडने १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा कार्यक्रम राबविला. नवे औषध शोधले नाही. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत दम्यासाठी एक डॉक्टर आणि एक परिचारिका जबाबदार धरली, औषधविक्रेत्यांनाही शिकविले. १९९३ साली दम्यासाठी इस्पितळात गेलेले दिवस सुमारे १,१०,००० होते, ते २००३ साली ५१,००० वर आले. कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश. खरे आहे. परंतु जबाबदार माणूस ठरविण्यास पैशापेक्षा शिस्त अधिक लागते. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिकही भारतात, असा जाणकारांचा अंदाज आहे. ही तफावत हवेमुळे पडत नाही, उपचार न पोहोचल्याने पडते.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. प्रत्येक दवाखान्यात एका परिचारिकेकडे हे काम सोपवावे. रोग्याने दर खेपेस तिच्यासमोर पंप ओढून दाखवावा. रात्री खोकल्याने झोपमोड होते का, हे विचारावे. त्रास वाढला तर काय घ्यावे आणि इस्पितळ केव्हा गाठावे, याची मराठी चिठ्ठी हाती द्यावी. आणि आणखी दोन प्रश्न विचारावेत: काम काय करता? सुटीच्या दिवशी बरे वाटते का? पहिला प्रश्न इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली वैद्यांना शिकविला. बेकऱ्यांतल्या पिठाच्या धुळीचा धोकाही त्याने नोंदविला होता. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत कामामुळे होणारा दमा पुढे घातला गेला; परंतु केसपेपरवर धंदाच लिहिला नाही, तर तो हक्क कोणी कसा सिद्ध करावा?

आमच्या बाजूने आम्ही एवढे करू. धूळ ओढणारा पंखा, कोरडा झाडू बंद आणि दमेकऱ्याला पगार न कापता दुसरे काम, या तीन ओळी मागणीपत्रात पगाराच्या वर लिहू. पंप खिशात ठेवणे ही चोरी नाही, हे खात्याखात्यांत सांगू. डॉक्टरांनी आपली पाच मिनिटे द्यावीत. त्या सोबत्याला ती मिळाली असती, तर आज कदाचित तो या सभेत मागच्या रांगेत बसलेला असता.